विश्रामगड

मागचे तीन शनिवार-रविवार इथे काही लिहिलं नाही. कारण तसं घरगुतीच आहे. कंपनीत दरवर्षी ते फुकटचं हेल्थ चेकअप असतं, त्यात माझं बीपी निघालं १६०/१००. मशीन बिघडलं असणार म्हणून (आमच्या धंद्यात पहिला संशय टेस्टवर, कोडवर कधीच नाही) दुसऱ्या हातावर घ्यायला लावलं. १५८/१००. वय वर्षं अडतीस.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "झोप किती होते?"

"रिलीज असेल तर चार-पाच तास."

"आणि नसेल तेव्हा?"

नसेल तेव्हा म्हणजे नेमकं कधी, ते मला आठवेना.

गोळी सुरू झाली. लोणचं-पापड बंद झाले. आणि आयुष्यात पहिल्यांदा, कुणाचं लग्न नसताना, सलग दहा दिवसांची रजा टाकून मी संगमनेरला घरी जाऊन राहिलो. बायको म्हणाली, लॅपटॉप इथेच ठेवायचा. ठेवला. फोन मात्र खिशात होता, आणि हल्ली फोन खिशात असला की ऑफिसही खिशातच असतं.

पहिले तीन दिवस कसे गेले हे सांगायला लाज वाटते. सकाळी साडेनऊला, म्हणजे आमच्या स्टँडअपच्या वेळेला, छातीत धडधड व्हायची. दुपारी आडवा झालो की खिशात फोन थरथरल्यासारखा वाटायचा, बघावं तर काहीच नाही. चौथ्या दिवशी नाना म्हणाले, "तू झोपायला आला का फोन राखायला?"

नानांबद्दल थोडं सांगायला हवं. ते एसटीत ड्रायव्हर होते, बत्तीस वर्षं. त्यातली बरीच वर्षं मुक्कामी गाड्यांवर. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: मुक्कामी गाडी म्हणजे संध्याकाळी तालुक्याहून निघते, आडगावात रात्री थांबते आणि पहाटे तिथली दूधवाली, शाळेची, कोर्टकचेरीची माणसं घेऊन परत येते. ड्रायव्हर-कंडक्टर त्या गावातच झोपणार. कधी देवळात, कधी गाडीच्या टपावर. नानांना कुठेही, कसंही, दोन मिनिटांत झोप लागते. लहानपणी मला हा आळस वाटायचा, आता वाटतं ही सिद्धी आहे.

तर नाना म्हणाले, "चल, पट्ट्याला जाऊ. वारा खाऊन येऊ."

पट्टा म्हणजे पट्टागड. संगमनेरहून साधारण पन्नास किलोमीटर. देवठाण, आढळा धरण, समशेरपूर, तिरडे असं करत पट्टेवाडीला पोचायचं. तालुका अकोले, जिल्हा नगर (आता अहिल्यानगर), आणि गडापलीकडे सिन्नर तालुका, म्हणजे नाशिक जिल्हा सुरू. वर पठार मोठं आहे, उंची साडेचार हजार फुटांच्या आसपास, आणि आजूबाजूच्या डोंगरांवर आता पवनचक्क्या फिरताना दिसतात. वारा किती असतो ते यावरून ओळखा. चढ फार अवघड नाही. अडतीस वर्षांचा मी तीनदा बसलो, सदुसष्ट वर्षांचे नाना एकदाही नाही. असो.

या गडाचं दुसरं नाव विश्रामगड. संगमनेर-अकोल्याकडच्या पोरांना हे नाव शाळेपासून ठाऊक असतं, पण मी त्या नावाकडे कधी नीट बघितलंच नव्हतं. आता जरा इतर नावं आठवून बघा. प्रतापगड. प्रचंडगड (म्हणजे तोरणा). विशाळगड. विजयदुर्ग. सगळी पराक्रमाची, दराऱ्याची नावं. त्या यादीत हा एक विश्रामगड. एक माणूस इथे येऊन दमून बसला, एवढ्यावरून ठेवलेलं नाव.

तो माणूस किती दमलेला होता, ते कळायला नोव्हेंबर १६७९ मध्ये जावं लागतं.

त्या वर्षी मोगल सरदार दिलेरखान विजापूरवर चालून गेला होता. आदिलशाहीचा कारभारी सिद्दी मसूद याने शिवाजी महाराजांकडे मदत मागितली. महाराजांनी मदत केली ती नेहमीच्या पद्धतीने: दिलेरखानाच्या समोर न जाता त्याच्या पाठीमागे, थेट मोगलांच्या मुलखात शिरायचं, म्हणजे त्याला विजापूर सोडून मागे वळावं लागेल. नोव्हेंबरच्या सुरुवातीला विजापूरच्या बाजूने निघून मराठी फौजा भीमेपलीकडे गेल्या, मुलूख मारत मारत जालन्याला पोचल्या. जालना ही श्रीमंत बाजारपेठ. तिथून औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर) साठ किलोमीटर, आणि तिथे खुद्द बादशहाचा शाहजादा मुअज्जम बसलेला. त्याच्या नाकासमोर चार दिवस जालना लुटलं.

लूट घेऊन परत फिरताना मात्र गणित बिघडलं. लुटीने लादलेली फौज हळू चालते. रणमस्तखान नावाचा मोगल सरदार पाठलागावर आला आणि संगमनेरच्या परिसरात त्याने गाठलं. तीन दिवस लढाई झाली. सिधोजी निंबाळकर मारले गेले. औरंगाबादेहून केसरसिंग आणि सरदारखान आणखी फौज घेऊन निघाल्याची खबर आली. म्हणजे मागे शत्रू, वाटेत आणखी शत्रू, आणि बरोबर थकलेली माणसं आणि जनावरं.

इथे बहिर्जी नाईक येतात. कृष्णाजी अनंत सभासदाने महाराजांच्या मृत्यूनंतर पंधरा-एक वर्षांनी जिंजीला बसून बखर लिहिली, त्यात ही हकीकत आहे. हेरखात्याच्या या प्रमुखाने हमी घेतली की शत्रूची गाठ पडू न देता मी तुम्हाला बाहेर काढतो. तीन दिवस आणि तीन रात्री, आडवाटेने, न थांबता चालून बहिर्जींनी महाराजांना पट्ट्यावर आणून पोचवलं. तारीख साधारण २२ नोव्हेंबर. लुटीतलं बरंच काही मागे पडलं, माणसं तर गेलीच.

गाडीतून ज्या मुलखातून आम्ही पन्नास किलोमीटर आलो, तो हाच. नाना वाटेत मला "हे वळण बघ, इथं पावसाळ्यात गाडी मागं घ्यावी लागायची" असलं काही दाखवत होते, आणि मी मनात हिशोब करत होतो. जालन्यापासून संगमनेर दोनशेच्या आसपास किलोमीटर, पुढे लढाई, पुढे तीन रात्री जागून घोड्यावर. वय जवळजवळ पन्नास. आणि त्याच्या पावणेचार वर्षं आधी, १६७६ च्या सुरुवातीला, साताऱ्याला मोठं दुखणं काढून उठलेला देह.

गडावर ते दोनेक आठवडे राहिले. डिसेंबरच्या सुरुवातीला रायगडाकडे निघाले. सभासदाने या मुक्कामावर फार शाई खर्च केलेली नाही. साहजिक आहे, बखरीत विश्रांतीचं काय लिहिणार? आजचं सगळं अमुक ठीक, महाराज झोपले होते?

अंबारखान्याच्या सावलीत आम्ही भाकरी सोडली. ही दगडी इमारत अजून चांगली उभी आहे, डागडुजी झालीय, आत महाराजांचा पुतळा आहे. समोर औंढ्याचा सुळका, लांब कळसूबाई, अलंग-मदन-कुलंग. नानांनी दोन भाकरी खाल्ल्या, डोक्याखाली पिशवी घेतली आणि घोरायला लागले.

मी जागाच. त्यामुळे विचार.

पहिला विचार असा की ती विश्रांती तरी कसली होती? थोरले चिरंजीव संभाजीराजे डिसेंबर १६७८ मध्ये दिलेरखानाला जाऊन मिळाले होते. ते दिलेरखानाच्या छावणीतून निसटले ते याच दिवसांत, २० नोव्हेंबरच्या सुमारास, आणि डिसेंबरमध्ये पन्हाळ्याला पोचले. म्हणजे इकडे बाप पट्ट्यावर चढत होता तेव्हा तिकडे मुलगा विजापूरच्या वाटेने पळत होता, आणि दोघांच्या मध्ये बातमी पोचायला दिवसच्या दिवस लागणार. शिवाय नुकतीच गमावलेली माणसं. आणि मराठी फौजा याच सुमारास खानदेशात, धरणगाव-चोपड्याकडे, मोहिमेवर. डोकं रिकामं होऊन लागलेली झोप ही नव्हे. चिंता सगळ्या होत्या तिथेच होत्या. तरीही माणूस थांबला. राज्य चालू ठेवून थांबला.

दुसरा विचार जरा माझ्या धंद्यातला. थांबणं शक्य झालं कारण दुसरं कुणीतरी जागं होतं. बुरुजावर पहारा, दरवाज्यावर पहारा, खाली मेटावर माणसं, बहिर्जींचे हेर मुलखात, आणि खानदेशात फौजा. आमच्याकडे याला ऑन-कॉल म्हणतात. रात्री सर्व्हर पडला तर कुणाचा फोन वाजणार, याची पाळी लावलेली असते. आमच्या टीमच्या त्या तक्त्यात गेली दोन वर्षं दर दुसऱ्या आठवड्याला माझं नाव आहे, आणि उरलेल्या आठवड्यांत "काही अडलं तर याला विचारा" म्हणून पुन्हा माझंच. हे कुणी लादलेलं नाही बरं का. मीच करून घेतलंय. आपल्याशिवाय अडतं ही भावना फार गोड असते.

नाना उठल्यावर त्यांना विचारलं, मुक्कामाला तुम्हाला एवढी गाढ झोप कशी लागायची? ते म्हणाले, "मला लागायची. कंडक्टरला कुठं लागायची? पैशाची पिशवी त्याच्या उशाला." मग थोडं थांबून, "म्हणून मी आधी झोपायचो, तो आडवा व्हायला लागला की मी उठायचो. आमचं ठरलेलं होतं." बत्तीस वर्षांत ही गोष्ट त्यांनी कधी सांगितली नव्हती. मीही विचारलं नव्हतं.

उतरताना आजीची आठवण निघाली. नानांची आई. संगमनेर हे विड्यांचं गाव. आमच्या गल्लीत दुपारी गेलं तर दर दुसऱ्या उंबऱ्यावर मांडीवर सूप घेऊन बसलेली बाई दिसायची. आजी त्यातलीच. रात्री तेंदूची पानं भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळायची, सकाळी कात्रीने मापाला कापायची, मग तंबाखू भरून, वळून, तोंडं दुमडून, दोरा बांधून पंचवीस-पंचवीसच्या जुड्या. हजार विड्यांचा दिवस. कारखान्यात माल द्यायला गेलं की तपासणारा त्यातल्या काही बाजूला काढायचा, त्याला छाट म्हणायचे. छाटीचे पैसे नाहीत, विड्या मात्र परत मिळत नसत. आजीला सगळ्यात जास्त राग याचा होता, खोकल्याचा नाही.

विडी-सिगार कामगारांचा कायदा १९६६ चा. वीस दिवस कामामागे एक दिवस भरपगारी रजा, अशी त्यात तरतूद होती. आजीला वर्षातून एकदा हक्करजेचे पैसे मिळायचे, आणि ते आले की घरात गोडधोड व्हायचं. पण हक्करजा म्हणजे पैसे, एवढंच तिला ठाऊक. त्यातला रजा हा शब्द तिच्या कानावरून गेला असेल, अंगावरून कधी गेला नाही. ज्या दिवशी पैसे आले त्या दिवशीही सूप मांडीवर होतंच. घरातच कारखाना असला की सुट्टी कुठून सुरू होते आणि कुठे संपते? (वर्क फ्रॉम होम आम्ही २०२० मध्ये शोधून काढलं असं आम्हाला वाटतं.)

आठवड्याची सुट्टी हीसुद्धा आकाशातून पडलेली नाही. मुंबईच्या गिरण्यांत पूर्वी ठरलेली साप्ताहिक सुट्टी नव्हती. सणावाराला किंवा यंत्रं साफ करायला गिरणी थांबेल तेव्हा. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांना एकत्र करून मागण्या मांडल्या: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वगैरे. म्हणजे एक अर्धा तास मागायला सभा भरवावी लागली. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजारांच्या आसपास कामगार जमले, दोन कामगार बायकाही तिथे बोलल्या. १० जून १८९० ला गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. त्यांच्या युक्तिवादात खंडोबाही होता. रविवार हा खंडोबाचा वार, देवाला जायला तरी दिवस द्या. मी दर शनिवार-रविवारी हे जे लिहीत बसतो, त्यातला रविवार असा मिळालेला आहे, हे मला तरी उशिरा कळलं. सध्या आठवड्याला ७० तास (२०२३), ९० तास (२०२५) असे आकडे मोठमोठी माणसं जाहीरपणे सुचवत असतात, त्यांना कळलं आहे की नाही कोण जाणे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता: आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त. मी हा लेख त्या वर्षी वाचला होता. रात्री दीडला, बिल्ड संपायची वाट बघताना.

परत गडाकडे येतो, कारण एक गोष्ट राहिली.

पट्ट्याहून गेल्यावर महाराजांना उणेपुरे चार महिने मिळाले. जानेवारीत पन्हाळ्यावर बापलेकांची भेट झाली. ३ एप्रिल १६८० ला रायगडावर, तापाच्या दुखण्यात, ते गेले. आयुष्याच्या या शेवटच्या काळातलं त्यांचं एक पत्र प्रसिद्ध आहे, तंजावरच्या धाकट्या सावत्र भावाला, व्यंकोजीराजांना लिहिलेलं. व्यंकोजींचं तिकडे सगळ्यातून मन उडालं होतं. कारभाराकडे लक्ष नाही, शरीराकडे लक्ष नाही, सणवार नाहीत, वैराग्य घेतल्यासारखे बसून असत. हे कळल्यावर थोरल्याने लिहिलं. सारांश असा: बरेच दिवस तुझं पत्र नाही म्हणून मन लागत नाही, वडिलांनी किती संकटं सोसून उभं केलं ते आठव, वैराग्य म्हातारपणी करावं, आत्ता उद्योग कर, रिकामा बसू नको, आणि तुझे पराक्रम आम्हाला बघू दे.

हे पत्र मी कॉलेजात असताना वाचलं तेव्हा अंगावर रोमांच आले होते. या रजेत पुन्हा वाचलं, तर खरं सांगतो, पहिल्यांदा चीड आली. ऊठ आणि कामाला लाग, हे तर मला रोज सकाळी एक ॲप सांगतंच. मग पुन्हा वाचलं. दोन गोष्टी दिसल्या. एक म्हणजे त्याची सुरुवात फुशारकीने किंवा रागाने नाही, पत्र आलं नाही म्हणून जीव लागत नाही या तक्रारीने होते. दुसरी म्हणजे लिहिणारा माणूस नुकताच स्वतः थकून एका गडावर थांबून आला होता. शरीर दमणं आणि मन विझणं यांतला फरक त्याला कळत असावा. दमलेल्याला पट्टा लागतो, विझलेल्याला कुणाचं तरी पत्र. हा माझा अंदाज. इतिहासाच्या जाणकारांनी हसू नये. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या माणसाला डिप्रेशनचं लेबल लावायचा तर माझा अजिबात विचार नाही.

माझं मात्र दमणंच होतं, हे त्या गडावर कळलं. कारण उरलेल्या पाच दिवसांत मी फोन आईच्या कपाटात ठेवला (तिने वरून साड्यांची चळत ठेवली) आणि रोज नऊ-नऊ तास झोपलो. दुपारी प्रवरेच्या पुलापर्यंत चालत जायचं, परत यायचं, वरण-भात खायचा, झोपायचं. सातव्या दिवशी सकाळी साडेनऊ कधी वाजून गेले ते कळलं नाही.

पुण्याला येऊन पहिल्यांदा तो ऑन-कॉलचा तक्ता उघडला. टीममध्ये एक नवा मुलगा आहे, दीड वर्ष झालं त्याला, मूळचा परभणीकडचा. मी नसताना एकदा रात्री तीनला डेटाबेस अडकला होता, त्याने एकट्याने सोडवला. मला फोन केला नाही. केला असता तरी लागला नसता म्हणा, साड्यांखाली होता. त्याला विचारलं, दर तीन आठवड्यांनी एक आठवडा घेशील का? तो म्हणाला, "घेतो सर, पण दिवाळीला मला आठ दिवस गावी जायचंय, गेल्या वर्षी नाही जमलं."

परवा बीपी घेतलं, १३८/८८. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळी चालू ठेवा.

दिवाळीचा आठवडा मी माझ्या नावावर टाकलाय. नानांना फोन करून सांगितलं की यंदा लक्ष्मीपूजनाला लॅपटॉप घेऊन येईन. ते म्हणाले, "आण. रात्री तू जागा रहा, पहाटे मी उठवतो तुला नहाणाला."